शोभा, मी हाक मारली नव्हती

परवा तू गेल्यानंतरच्या जलदानाच्या कार्यक्रमाला सगळे बोलले. मंडळाचे सेक्रेटरी बोलले, शाळेचे गुरुजी बोलले, भावजींच्या कारखान्यातले दोघे बिरवाडीहून आले होते तेही बोलले. चार माणसांत पाणी मागायला लाजणारी आपली शेवंता, ती पदराचा बोळा तोंडाशी धरून उभी राहिली आणि बोलली. मी तुझी सख्खी मोठी जाऊ. तीनदा माझं नाव घेतलं, तरी मी जागची हलले नाही. लोकांना वाटलं, बाईची दुःखानं वाचा बसली. दुःख होतंच गो, ते कुठं जातंय? पण खरं सांगू, त्या घटकेला मी जळत होते. तुझ्या फोटोला हार, तुझ्या नावाचं कौतुक, माणूस मांडवात मावत नव्हतं, आणि मी मनात म्हणत होते, मेली तरी ही माझ्यापुढेच.

मग भावजी उभे राहिले. त्यांनी नेमकी ती भाताची गोष्ट काढली. पहिल्या वर्षी तू भलतं बी भलत्या जागी पेरलंस आणि तुमची दोन्ही खाचरं वाया गेली, ती. "वहिनींनी बांधावरून हाक मारली होती, पण आमच्या मुंबईच्या बाईसाहेबांचं लक्ष कुठं होतं!" असं म्हणाले आणि रडता रडता हसले. मांडवात सगळेच हसले, डोळे पुसत. आणि मग एकेकानं मान वळवून माझ्याकडे मायेनं बघितलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

कारण मी हाक मारली नव्हती, शोभा. मी बघितलं आणि गप्प बसले. हे मला ठाऊक आणि तुला ठाऊक. तरी खळ्यावर सगळ्या वाडीसमोर तू सांगितलंस की ताईंनी हाक मारली होती. सात वर्षं ते खोटं तू जपलंस. का जपलंस, ते मी तुला एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर माझं मला कबूल करावं लागलं असतं. मी सातवी पास, वाडीभर बायांची पत्रं लिहून दिली आजवर. माझ्या मनातलं लिहिलेलं हे पहिलंच पत्र, आणि जिच्या नावानं लिहितेय ती वाचायला नाही.

तर पहिल्यापासून सांगते. माझं पोट इथं आपल्या गावात, कापड्यात, दुखायला लागलं नाही, मुलुंडला लागलं. माझ्या पोरीचा, सुशीलेचा, कान फुटला होता म्हणून मी तिला घेऊन तुमच्याकडे आले होते, चार दिवस. सातवा मजला. पाळण्यात बसावं तसं त्या लिफ्टमध्ये बसायचं की वर. घरात नळ, घरात मोरी, घरात संडास, बटण फिरवलं की गॅस. इथं वैशाखात आपली विहीर तळाला जाते, मग ओढ्यात झरा उकरून वाटीवाटीनं हंडा भरायचा, दोन हंड्यांना सकाळ जाते. आणि तुझ्याकडे मी नुसताच नळ सोडायचे आणि बंद करायचे. काम नसताना. तू एकदा बघितलंस. मला इतकी लाज वाटली की धुतलेलंच भांडं पुन्हा धुतलं.

त्या चार दिवसांत मी मनाशी पक्कं केलं होतं, आमच्या ह्यांना सांगायचं, शेत द्या कोणाला तरी वाट्यानं आणि चला मुंबईला. परत येऊन सांगितलंही. हे विडी ओढत ऐकत राहिले आणि म्हणाले, "बैलांचा चारा घातलास का?" झालं. तिथंच माझा सातवा मजला संपला.

आणि दोन वर्षांनी तुमचं पत्र आलं. मुंबईत गिरण्यांचा संप व्हायचा होता त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. भावजींच्या कंपनीनं बिरवाडीजवळ नवा कारखाना काढला, ज्याला जायचंय त्यानं नाव द्यावं, आणि तू भावजींना नाव द्यायला लावलंस. तू! बाकीच्या लोकांनी बिरवाडीत खोल्या घेतल्या. तू म्हणालीस, खोलीत राहायचं तर मुंबई काय वाईट होती, आपलं गाव आहे, आपल्या घराचा अर्धा भाग आहे, तिथं राहू. मी ते पत्र ह्यांना वाचून दाखवलं आणि माझा आवाज चिरकला. माझ्या हाताला लागलं नाही ते तू हातातून टाकून येत होतीस. कसला माज म्हणायचा हा? मी तेव्हा असंच म्हटलं, मोठ्यानं. हे म्हणाले, "घर त्यांचं पण हाय, येऊ दे की."

ट्रक आला तेव्हा अख्खी वाडी जमली होती. लोखंडी कपाट उतरवताना चार जण घामाघूम झाले. मिलिंद आणि प्रज्ञा दोघं तुझ्या पदराला धरून उभी. मिलिंदनं विचारलं, "मम्मी, आपण कितव्या माळ्यावर?" सगळे खो खो हसले. मीसुद्धा हसले, पण माझ्या हसण्यात विष होतं. आता बघूच म्हटलं, किती दिवस टिकते.

पहिला आठवडा माझा चांगला गेला. कारण तू दार लावून बसायचीस. भर दिवसा! आपल्याकडे दिवसा दार लावलं तर माणसं गावाला गेली असतील नाहीतर घरात काही बरंवाईट झालं असेल. धाकू आजा तर काठी टेकत माझ्याकडे आला, "काय गो, धाकटीच्या घरी कोण आजारी हाय काय?" मी म्हटलं, "आजारी कसली, आजा, मुंबईची हवा हाय ती." ही गोष्ट मी चार घरी फिरवली. कबूल करते. कोणीतरी ती तुझ्या कानावर घातली. तू रागावून माझ्या अंगावर यायला हवं होतंस. त्याऐवजी दुसऱ्या दिवशी सकाळी दार सताड उघडलंस, उंबऱ्यात बसलीस आणि जाईल येईल त्या बाईला सांगत सुटलीस, "अहो, मला माहीतच नव्हतं. तिकडे उघडं ठेवलं तर चोर येतो, इकडे बंद ठेवलं तर धाकू आजा येतो." वाडी हसून लोळली. त्या दिवसापासून तुझं दार बंद झालं नाही, आणि माझ्याकडे यायच्या त्या बाया तुझ्याकडे थांबायला लागल्या. मीच लोटलं त्यांना तुझ्या दारात.

स्वतःवर हसता येणं, हे मला कधी जमलं नाही. तुझी भाकरी तव्यावर जाताना फाटायची आणि तूच म्हणायचीस, "घ्या, आज दोन भाकऱ्यांच्या पाच झाल्या." माझी फाटली असती तर मी ती आधी लपवली असती. लोकांना वाटायचं, मी मोठी म्हणून गंभीर. कसली गंभीर, मला भीती वाटायची.

पण भाकरीचं मी सोसलं, दाराचं सोसलं. पत्रांचं मला सोसलं नाही.

तुला कळलंच असेल, कळायची अक्कल होती तुला. आपल्या वाडीतल्या निम्म्या बायांचे नवरे मुंबईला. त्यांची आलेली पत्रं मी वाचून दाखवायची, जाणारी मी लिहून द्यायची. पंधरा वर्षं. कोणाच्या घरात काय शिजतंय, कोणाचा नवरा काय लिहितो, कोणती बाई लिहिताना रडते, सगळं माझ्या पोटात. शेतावरनं येऊन हातपाय धुतले की अंतर्देशीय पत्र हातात घेऊन कोणीतरी ओट्यावर बसलेलं असायचं. "लिव गो बाय, लिव, दोन ओळी." तेवढाच माझा मान. दुसरा काय होता मला? शेतात सगळ्याच राबतात.

तू मॅट्रिक. अक्षर मोत्यासारखं. एके दिवशी संध्याकाळी मी ओट्यावर तांदूळ निवडत होते आणि शेवंता हातात निळं पत्र घेऊन आली. मी सूप बाजूला ठेवलं, पदराला हात पुसले. ती माझ्याकडे बघून कसनुशी हसली आणि पुढे गेली. तुझ्या दारात. मी हात पुसतच बसले. आतून तुझा आवाज येत होता, "सांग, काय लिहू?" आणि शेवंता, जी माझ्याजवळ चार ओळींच्या वर कधी सांगायची नाही, ती सांगतच सुटली. दोघी हसत होत्या. माझ्याकडे पत्र लिहिताना कधी कोणी हसलं नव्हतं. मी शहाणपणा करायचे ना! "असं नको लिहू, नवऱ्याला राग येईल", "हे कशाला कळवायचं". तू जे सांगतील ते लिहायचीस.

त्याच्या दुसऱ्याच दिवशी तू बियाणं न्यायला आलीस.

भावजी मुंबईत होते तोवर तुमच्या वाटणीची दोन खाचरं आम्हीच करत होतो. ओढ्याकाठचं एक, पाणथळ, तिथं गरवं भात, दिवाळीपर्यंत उभं राहणारं. आणि वर माळाचं एक, पाणी न ठरणारं, तिथं हळवं, लवकर तयार होणारं. पंधरा वर्षं मी त्यात कमरेत वाकले. तू म्हणालीस, "ताई, ह्या वर्षी आमचं आम्ही करून बघतो, तुम्हाला किती त्रास द्यायचा." गोड बोललीस. पण मला वाटलं, माझ्या पायाखालची जमीन ओढून घेतलीस आणि वर म्हणतेस, त्रास नको.

बी मी आदल्या हंगामात बांधून ठेवलं होतं, पेंढ्याच्या मुड्यांत, माळ्यावर. आमच्या सासूबाईंनी घालून दिलेली खूण, हळव्याच्या मुड्याला एक बंद, गरव्याच्या मुड्याला दोन. तू दोन्ही मुडे खाली घेतलेस आणि विचारलंस, "ताई, ह्यातलं कुठलं कुठं?" माझ्या डोळ्यांसमोर शेवंताचं निळं पत्र. मी म्हटलं, "खूण हाय की त्याच्यावर." तू मान डोलावलीस. तुला वाटलं असेल, सगळ्यांना कळतं तर आपल्यालाही कळायला हवं, पुन्हा विचारलं तर वेड्यात काढतील. नवीन माणसाला ती एक भीती असते. मी नवी नवरी होऊन आले तेव्हा मलाही होती, म्हणून तर मला ओळखता आली. ओळखून गप्प बसले.

रोहिण्या लागल्या होत्या, रोपं करायच्या जागी पाला जाळून राब भाजून झाले होते, सगळीकडे धुळीतली पेर चालली होती. मी डोंगरातून लाकडाची मोळी घेऊन उतरत होते. माळाच्या कोपऱ्यावर तू राबाच्या काळ्या मातीत उभी होतीस, साडी खोचलेली, अगदी आमच्यासारखी. शेजारी मुडा. दोन बंदांचा. तू एक बंद सोडलास, दुसरा सोडलास, ओंजळ भरलीस. तीसेक पावलांवर होते मी. माझं तोंड उघडलं होतं, शोभा. 'शोभा गो' एवढंच म्हणायचं होतं. मी तोंड मिटलं. मोळी डोक्यावर तशीच, मानेला रग लागली, आणि मी तू पेरताना बघत राहिले. तू एकदा मान वर केलीस, माझ्या बाजूला. मी खाली बघून चालायला लागले.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी म्हटलं असतं, एका घटकेचा राग होता. पण रोप उगवून वर येईपर्यंत महिना गेला. त्या महिन्यात कधीही सांगता आलं असतं, अगं, रोपांची अदलाबदल कर, काही बिघडलं नाही. रोपं दिसायला सारखी, इतर कोणाला कळायचं नाही. मला कळत होतं. आषाढात तुमच्या लावणीला सगळी वाडी सावडीला आली, आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे. मी तुझ्या शेजारी ओळीत होते. गुडघाभर चिखलात, पाठीवर इरलं, हळव्याची रोपं मी माझ्या हातांनी त्या पाणथळ खाचरात लावली. तू म्हणालीस, "ताई, तुमच्या हाताला केवढा वेग आहे, मला तर मेलं दोन ओळीत कंबर धरते." आणि मी तुला अंगठा कसा रोवायचा ते शिकवलं. अशी मी.

पुढचं सगळ्या वाडीनं पाहिलं. भाद्रपदात चौफेर हिरवंगार आणि ओढ्याकाठी एकटं तुमचं खाचर पिवळं. आजूबाजूच्या दहा खाचरांतले पोपट आणि चिमण्या त्या एकावर उतरल्या. उरलं ते पावसात आडवं झालं, पाण्यात पडल्या पडल्या लोंब्यांना कोंब फुटले. वर माळावर गरवं भात हत्तीसारखं वाढलं आणि पाऊस गेला तसं वाळलं. नुसतं पोचट. हातात घेऊन चोळलं की फुंकरीबरोबर उडून जायचं. प्रज्ञा ते हातावर घेऊन फुंकत होती, तिला खेळ वाटला.

दिवाळीच्या सुमाराला खळ्यावर माणसं जमली होती. धाकू आजानं तुझ्या पोचट भाताची मूठ उचलली, बघितली आणि आमच्या ह्यांना विचारलं, "बी कोणी दिलं रे?" हे म्हणाले, "हिनंच दिलंन." आजा म्हणाला, "मग सांगितलंन नाय काय कुठलं कुठं ते?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. वाडीत राहणाऱ्या बाईनं वाडीचं पीक बुडवलं, हे उघड झालं तर काय होतं, तुला काय माहीत! भांडणं सगळे विसरतात. हे नाही विसरत. नातवंडांपर्यंत सांगतात.

आणि तू पुढे आलीस, गवताचं कुसळ केसात अडकलेलं. म्हणालीस, "ताईंनी हाक मारली होती बांधावरून. माझंच लक्ष नव्हतं. आणि मला वाटलं, माळ लांब, वाटेत मुडा सुटू नये म्हणून दोन बंद घातलेत." झालं, हसायला लागले सगळे. धाकू आजा बोळक्या तोंडानं इतका हसला की त्याला ठसका लागला. "वाटेत सुटू नये म्हणून! काय गो मुंबईची अक्कल!" विषय तिथंच मिटला.

मला काय वाटलं म्हणतेस? उपकार? अजिबात नाही. मला तुझा जितका राग आला तितका आयुष्यात कोणाचा आला नाही. तू माझ्यावर ओरडली असतीस, सगळ्यांसमोर माझी शोभा केली असतीस, तर मी कमरेला पदर खोचून भांडले असते, हिशेब बरोबर झाला असता. तू मला वाचवलंस. वाचवणारी मोठी होते, शोभा. जाऊ म्हणून मी मोठी होते, आणि त्या दिवशी खळ्यावर तू मोठी झालीस. तेव्हापासून तुझ्याकडे बघताना मला मान वर करून बघावं लागलं.

भावजींनी त्या वर्षी हट्ट धरला होता, बिरवाडीला खोली घेऊ, बस झालं गाव. मला आतून आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू. तू नाही म्हणालीस. आणि दुसऱ्या वर्षी रोहिण्यांच्या आधी माझ्या दारात येऊन उभी राहिलीस, "ताई, ह्या वर्षी पेरताना तुम्ही माझ्याजवळ उभ्या राहा. दुसरं काही नको." मी आले, उभी राहिले, बोटानं दाखवलं. त्या वर्षी तुझं भात माझ्याहून चांगलं आलं. मेले, तेही तुला जमलं.

त्यानंतर आपण कितीदा भांडलो असू! ओट्यावर बसून वाल सोलताना एकच भांडण. मी म्हणायचे, "सातवा मजला सोडून ह्या चिखलात आलीस, डोकं फिरलं होतं तुझं." तू म्हणायचीस, "ताई, तुम्ही चार दिवस राहिलात म्हणून. तिथं मी तापानं फणफणले होते तर तीन दिवस कोणाला पत्ता नव्हता." मी म्हणायचे, "नळ होता ना पाणी प्यायला?" तू हसायचीस. एकदा म्हणालीस, "तुमच्या पत्रांनीच तर आणलं मला इथं. कोणाची गाय व्याली, कोण कोणाशी भांडलं, सगळं असायचं त्यात. मी दोनदोनदा वाचायचे." मला वाटलं टोमणा मारतेस, पत्रांवरून. मी वालाची टोपली उचलली आणि आत गेले. ते भांडण तसंच राहिलंय. तू चूक होतीस, हे मी अजून म्हणते. शेवटच्या दुखण्यात तुला पोलादपूरला न्यायचं तर अर्धा दिवस गाडी मिळाली नाही. मुलुंडला असतीस तर लिफ्टनं खाली आणि समोर दवाखाना. हे मी तुला तेव्हा बोलणार होते. तू डोळे मिटून पडली होतीस, म्हणून बोलले नाही.

आणि माझ्या दुखण्यात? मला टायफॉईड झाला, महिनाभर उठले नाही. कापणी तोंडावर. तू तुझं भात उभं ठेवून आधी माझं कापलंस, बाया गोळा करून. रोज संध्याकाळी पेजेचं भांडं घेऊन यायचीस, कपाळावर हात ठेवायचीस, तो हात आता कापून कापून माझ्यासारखाच खरखरीत झाला होता. सुशीलेला मॅट्रिकचं गणित तू शिकवलंस, पास झाल्यावर ती आधी तुझ्या पाया पडली. ते बघून मी चुलीत उगाच फुंकर मारत बसले. मी तुझी ऋणी आहे गो, आहेच. पण तुझ्या प्रत्येक चांगुलपणाबरोबर माझं पाप थोडं थोडं वाढायचं. वाईट वागली असतीस तर मी सुटले असते.

परवा मांडवात भावजी हसत ती गोष्ट सांगत होते तेव्हा वाटलं, आता ही गोष्ट अशीच राहणार. तुझी पोरं सांगतील, त्यांची पोरं सांगतील, त्यात मी भली आणि तू वेंधळी. ते मात्र मला सहन होईना. एवढं खोटं तुझ्या माथ्यावर ठेवून कसं चालेल?

म्हणून काल सकाळी गेले तुझ्याकडे. भावजी ओट्यावर बसले होते, समोर चहा गार झालेला. मी उभ्या उभ्याच सांगितलं, "भावजी, मी हाक मारली नव्हती. मी बघितलं होतं आणि मुद्दाम गप्प बसले." म्हटलं, आता भावजी उठतील, बोलतील, बोलू देत.

भावजींनी वर बघितलं. म्हणाले, "वहिनी, बसा. मला ठाऊक आहे."

खळ्यावरनं घरी गेलात त्या दिवशी त्यांनी तुला झापलं म्हणे, हाक मारली होती तर ऐकली का नाहीस म्हणून. आणि तू सांगितलंस, हाक मारलीच नव्हती, उभ्या होत्या, बघत होत्या, मी बघितलं ना त्यांना. भावजी तसेच उठले, माझ्याशी भांडायला. तू दारात आडवी झालीस.

"काय म्हणाली सांगू?" भावजी म्हणाले. "म्हणाली, बसा खाली. मी त्यांच्या जागी असते तर मीसुद्धा गप्पच बसले असते. म्हणाली, ताई मुलुंडला आल्या होत्या तेव्हा आठवतं का? तिसऱ्या दिवशी समोरच्या बाईनं त्यांना लोणच्याची बाटली आणून दिली. मी चार वर्षं त्या दारासमोर राहत होते, मला त्या बाईचं नाव माहीत नव्हतं. ताई गेल्यावर मी ते लोणचं केराच्या डब्यात टाकलं. इतकी जळले होते मी त्यांच्यावर."

मी ओट्यावर बसले. लोणच्याची बाटली मला आठवत होती. आंब्याचं होतं. गाडीला उशीर होईल म्हणून घाईत तुझ्याकडे विसरून आले होते, आणि पुढे पत्रात विचारलंही होतं, लोणचं कसं लागलं? तू उलट लिहिलंस, फार छान.

म्हणजे तूही जळत होतीस! शोभा, शोभा, काय म्हणू तुला! सात वर्षं मी एकटीच काळ्या मनाची समजून तुझ्यासमोर मान खाली घालून वावरले. तुझ्या पेजेचा एकेक घोट मला जड गेला. आणि तू पलीकडच्या ओट्यावर बसून सगळं ओळखून होतीस, कारण तेच दुखणं तुझ्याही पोटात होतं. एकदा वाल सोलताना नुसतं म्हणायचं होतंस, ताई, मी तुमचं लोणचं फेकलं. मी म्हटलं असतं, मी तुझं पीक बुडवलं. पोट धरून हसलो असतो दोघी, वाडी गोळा झाली असती बघायला. एवढं सांगायला काय झालं होतं गो तुला? सात वर्षं माझ्या भिंतीला भिंत लावून राहिलीस आणि ते तू भावजींना सांगितलंस, मला नाही. कालपासून मी भावजींवर जळतेय.